जुन्या पिकअपचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय असं म्हणण्याआधी काय काय बघायचं

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. २०१३ ची कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन) पिकअप, वाशी मार्केटमधून कांदा-बटाटा भरून ठाण्याला येता, महिनाभरापासून गाडी चालता चालता बंद पडते, जास्त करून ऐरोली नाहीतर विटावा-कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये, अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू होते. चेक लाईट कधी येते कधी जाते. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून एक सेन्सर बदलला, फरक नाही. दुसऱ्याने सांगितलं ईसीयू गेलाय, ४५ हजार काढा. आता तुम्ही विचारताय टाकू का.

नका टाकू. निदान मी खाली लिहिलंय तेवढं बघून होईपर्यंत तरी नका.

मी वागळे इस्टेटला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, त्यात जुन्या पिकअप जास्त येतात, आणि माझा अनुभव असा की ज्या गाड्या "कॉम्प्युटर गेलाय" म्हणून येतात त्यातल्या थोड्याच गाड्यांचा ईसीयू खरोखर मेलेला असतो. बाकीच्यांमध्ये त्याला करंट पूर्ण मिळत नसतो, नाहीतर अर्थ सडलेला असतो, नाहीतर एखादा सेन्सर आतून शॉर्ट होऊन बाकी सगळ्यांना घेऊन बसलेला असतो. डबा बंद असतो, आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून जे सापडत नाही ते त्याच्या नावावर टाकायचं, असं चालू आहे. ज्याच्या गाडीवर रोजचं घर चालतं त्याला असं अंदाजाने खर्चात पाडणं मला अजिबात पटत नाही. ईसीयू गेला म्हणणाऱ्याने आधी दाखवावं की त्याला जे जे लागतं ते सगळं त्याच्या पिनेवर पोचतंय आणि तरी तो काम करत नाहीये.

आधी स्कॅनरबद्दल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्कॅनर कोड देतो तो सर्किटचा देतो, पार्टचा नाही. समजा पी ०११८ आला, म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. याचा अर्थ सेन्सर खराब असा होत नाही, वायर तुटली असेल, कपलर (वायरीचा जोड) निघाला असेल, पिन मागे सरकली असेल तरी हाच कोड येणार, कारण सर्किट ओपन झालं की ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि तो समजतो इंजिन बर्फासारखं गार आहे. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा), त्याची वायर, कपलर, सेन्सर आणि रिंगमधला गॅप, यातलं काहीही. आणि पी ०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी, हा कोड लोक बघतात आणि सोडून देतात, खरं तर बऱ्याचदा सगळा रोग त्याच्यातच असतो. कोड पुसायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीची मापं) असेल तर त्याचाही. तुमच्या पहिल्या गॅरेजवाल्याने कोड पुसून टाकले असतील तर ती माहिती गेली, आता पुन्हा बंद पडेपर्यंत थांबावं लागणार.

तुमची गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने चालू होते, म्हणजे फॉल्ट गरम झाल्यावर येतो. मग गॅरेजमध्ये सकाळी थंड गाडीवर कितीही मापं घेतली तरी सगळं बरोबरच दिसणार. मापं घ्यायची ती बंद पडलेल्या अवस्थेत. म्हणून पुढच्या वेळी बंद पडली की पटापट सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल आणि पुरावाही जाईल. आधी गाडी बाजूला घ्या, पार्किंग लाईट लावा, आणि मग तीन गोष्टी बघा. चावी ऑन केल्यावर चेक लाईट पेटते का. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी उचलतो का. आणि साधा ब्लूटूथवाला स्कॅनर जवळ असेल तर तो ईसीयूशी बोलतो का.

या तीन गोष्टींवरूनच अर्धं काम होतं. चेक लाईट पेटतच नाही आणि स्कॅनरही कनेक्ट होत नाही, तर ईसीयू जागाच झालेला नाही, म्हणजे फ्यूज, मेन रिले (ईसीयूला सप्लाय देणारा स्विच), इग्निशनची वायर किंवा अर्थ. (आधी खात्री करा की मीटरमधला तो बल्ब कोणी काढून ठेवलेला नाही, विकताना काढतात लोक.) लाईट पेटते, स्कॅनर बोलतो, पण सेल्फ मारताना आरपीएम शून्यच, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचं वायरिंग. काही मीटरमध्ये सेल्फच्या स्पीडला काटा हलतच नाही, म्हणून स्कॅनरच्या लाईव्ह डेटामधला आरपीएम जास्त खरा धरायचा. आरपीएम येतो पण रेल प्रेशर (इंजेक्टरच्या आधीच्या पाईपातला डिझेलचा दाब) चढत नाही, तर बहुतेक ते इलेक्ट्रिकचं कामच नाही, डिझेल फिल्टर चोक, लाईनमध्ये हवा, पंपावरचा व्हॉल्व्ह, नाहीतर इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) रिटर्नला जास्त डिझेल सोडतायत. साधारण दीडशे-दोनशे बारच्या वर प्रेशर गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, आणि लोक इकडे वायरिंग फाडत बसतात.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय दोन ठिकाणी आहे, क्रँक सेन्सर नाहीतर मेन रिले आणि त्याच्या आजूबाजूचं. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात. क्रँक सेन्सर दोन वायरचा असेल तर आत बारीक तारेची कॉईल असते, गरम झाली की तार आतल्या आत सुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. ओहमवर मोजलं तर सहसा काहीशे ते हजारभर ओहम दाखवतो, थंड असताना माप लिहून ठेवा, मग बंद पडल्यावर लगेच पुन्हा मोजा. एकदम ओपन दाखवला तर सापडला. रस्त्यात मीटर नसेल तर सेन्सरवर ओलं फडकं ठेवून दोन-चार मिनिटात गाडी चालू होते का बघा, अर्धा तास लागायचा तिथे पाच मिनिटात चालू झाली तर सेन्सर धरायला हरकत नाही, फक्त पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. तीन वायरचा असेल तर तो बहुतेक हॉल सेन्सर (आत कॉईल नसलेला इलेक्ट्रॉनिक), त्याला ओहमवर मोजू नका, काही कळणार नाही, तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघायचा. पहिल्या गॅरेजने कुठला सेन्सर बदलला ते तुम्ही लिहिलेलं नाही. तोच बदलला असेल तर त्याचा कपलर आणि तिथून वर जाणारी वायर कुठे सायलेन्सरला किंवा ब्लॉकला घासते का ते बघा, नुसता सेन्सर बदलून वायर तशीच सोडलेल्या गाड्या बऱ्याच येतात.

मेन रिले तपासायला सोपा. बंद पडल्या पडल्या रिलेला हात लावा, नेहमीपेक्षा जास्त तापलाय का, खाली बेसची पिन काळी पडलीय का, प्लास्टिक वितळलंय का. त्याच रेटिंगचा आणि त्याच पिनांचा दुसरा रिले गाडीतच असतो बहुतेक वेळा, अदलाबदल करून बघता येते. पण पिन काळी झाली असेल तर नुसता रिले बदलून चालणार नाही, बेसची पिन बदलावी लागते, नाहीतर नवा रिलेही महिन्याभरात तसाच होतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट ओढल्यावर वाटेतच कमी होणारे व्होल्ट. याच्यावरच लोक सगळ्यात जास्त फसतात. मीटर लावला, वायरवर १२.४ व्होल्ट आले, "सप्लाय ओके" म्हणून पुढे गेले. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. नळ बंद असताना पाईपात प्रेशर दिसतं आणि तोटी उघडली की धार बारीक, तसंच हे. म्हणून लोड देऊन बघायचं. मी जुना हेडलाईटचा एच ४ बल्ब दोन वायरी सोल्डर करून ठेवलाय, ईसीयूचा कपलर काढायचा, त्याच्या सप्लायच्या पिनेला आणि अर्थच्या पिनेला हा बल्ब जोडायचा, बल्ब फुल पेटला तर लाईन खरी, मंद पेटला तर मीटर काहीही सांगू दे, लाईन मेलेली आहे. पण हे फक्त जाड सप्लाय आणि अर्थच्या वायरीवर, सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरीला बल्बचा टेस्टर कधीच लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो आणि ठीक असलेला ईसीयू जाऊ शकतो. आणि पिनेत पुढून जाड वायर कोंबू नका, पिन फाकते आणि नवा लूज कॉन्टॅक्ट तुम्हीच तयार करता, त्या मापाची पिन घ्या किंवा मागून शिवायची सुई घाला. वायरचं कव्हर टोचून बघायची सवय पण सोडा, आपल्याकडे खाडीची खारी हवा, त्या एवढ्याशा भोकातून दमट हवा आत जाते आणि पावसाळ्यानंतर आतली तांब्याची तार हिरवी-काळी होऊन भुगा होते, बाहेरून वायर मस्त दिसते.

अर्थ बघताना मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे टर्मिनलवर नाही, शिशाच्या खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ जागेवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनचा अर्थ खराब. मग तसंच ईसीयूच्या अर्थ पिनेपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत, इंजिन चालू, हेडलाईट, ब्लोअर सगळं ऑन करून, तिथे ०.१ व्होल्टच्या वर जायला नको. तिथे अर्धा व्होल्ट जरी उचलला गेला तरी सगळ्या सेन्सरचं वाचन सरकतं, ॲक्सिलरेटर पेडलचे दोन सिग्नल जुळत नाहीत (सहसा एक दुसऱ्याच्या निम्मा असतो), गाडी लिंप मोडमध्ये (कमी ताकदीने चालणं) जाते, आणि मग पेडल बदला, ईसीयू बदला सुरू होतं.

आपल्या पट्ट्यात अर्थ सडतात त्याला कारण आहे. करंजा, उरणकडून मासळी आणणाऱ्या गाड्या बघा, बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली चेसिसवर गळतं आणि बरोबर अर्थच्या बोल्टवर आणि मागच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) बसतं. भाजीच्या गाडीला पण पाणी असतंच. वर पावसात तुर्भे, कळंबोलीला साचलेल्या पाण्यातून गाडी घातलेली. बोल्ट वरून घट्ट दिसतो, खोलला की खाली पांढरी-हिरवी पावडर. तो खोलायचा, थिंबल (वायरीच्या टोकाची चकती) आणि चेसिस पॉलिश पेपरने चकचकीत करायचं, वायरची टोकं काळी असतील तर मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापून नवीन थिंबल दाबायचं, घट्ट करायचं आणि मग वरून ग्रीस नाहीतर पेंट. पेंट आधी मारून वर बोल्ट आवळलेल्या गाड्या मी बघतो, बॉडीवाल्याकडून रंगवून आल्यावर हमखास.

बॅटरी आणि डायनमो पाच मिनिटात होतं पण सोडू नका. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धीच चार्ज. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर समजा, आणि फारच खाली बसली तर ईसीयू मधेच रीसेट होऊ शकतो, सेल्फ फिरतोय पण गाडी लागत नाही अशी तक्रार असेल तर हे बघा. चालू इंजिनवर १३.८ ते १४.५. आणि एक माप बहुतेक जण घेतच नाहीत, मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर लावा, इंजिन चालू, लाईट ऑन. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायनमोचा डायोड गेलाय, तो रात्री बॅटरीही उतरवू शकतो आणि चालू गाडीत सिग्नलमध्ये घाण मिसळून असले-तसले कोड आणतो जे कुठल्याच सेन्सरचे नसतात.

आता ५ व्होल्टची लाईन. ईसीयू स्वतः ५ व्होल्ट बनवून रेल प्रेशर सेन्सर, पेडल, बूस्ट सेन्सर (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा), ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यांना देतो, आणि एकाच लाईनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की लाईन खाली बसते आणि त्यावरच्या सगळ्या सेन्सरचे कोड एकदम येतात, सोबत पी ०६४२ असू शकतो. असे बरेच कोड एकत्र आले की "एवढे सेन्सर एकदम कसे जातील, ईसीयूच गेला" असं बोललं जातं. पेडलच्या कपलरवर चावी ऑन करून ५ व्होल्ट आहेत का बघा. नसतील तर मीटर तसाच लावून ठेवा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट उडी मारून परत आले तो शॉर्ट. सगळे काढले तरी नाही आले, तर बॅटरी सोडा, ईसीयूचा कपलर काढा, ती वायर बॉडीला लागलीय का ओहमवर मोजा. वायर मोकळी निघाली आणि ईसीयूला सप्लाय-अर्थ लोडवर बरोबर मिळतोय, मग तेव्हा ईसीयूवर बोट ठेवा.

स्कॅनर अजिबात बोलत नसेल तर ओबीडी सॉकेटही (स्कॅनर लावायची जागा) तपासा. १६ नंबरला बॅटरीचा सप्लाय, ४ आणि ५ ला अर्थ. कॅन लाईन (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या बोलण्याच्या दोन वायरी) असलेल्या गाडीत बॅटरी सोडून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास आले पाहिजेत, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकांना लागल्यात. त्या सालच्या काही गाड्यांत इंजिनचं बोलणं ७ नंबरच्या के लाईनवर (एकाच वायरीवरचं जुनं बोलणं) असतं, तिथे ६० ओहम शोधत बसू नका.

आणि हे तुम्हाला खास विचारतोय, गाडीत चोर स्विच (चोरी टाळायला लपवून लावलेला) आहे का? जीपीएस ट्रॅकर लावलाय का, फायनान्सवाल्याने किंवा आधीच्या मालकाने? बऱ्याच ट्रॅकरमध्ये इंजिन बंद करायचा रिले असतो आणि तो इग्निशनची वायर कापून मधे टाकलेला असतो, साधा रिले, पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड. डॅशबोर्डच्या मागे उन्हाने तापलं की तोच सोडतो. तुमच्या लक्षणात हे अगदी बसतं. म्युझिक, एलईडी बार, प्रेशर हॉर्न यांच्या वायरी कुठून घेतल्यात तेही बघा, इग्निशनच्या लाईनवरून घेतल्या असतील तर ईसीयूचा वाटा तिथेच जातो. माझं मत स्पष्ट आहे, फॉल्ट शोधायच्या आधी बाहेरून टाकलेलं सगळं बाजूला करा, गाडी कंपनीच्या वायरिंगवर आणा, चार दिवस चालवा. ट्रॅकर फायनान्सवाल्याचा असेल तर त्यांना विचारून त्यांच्याच माणसाकडून काढा.

ज्यांच्याकडे जुनी टाटा २०७ डीआय किंवा मेकॅनिकल पंपाची बोलेरो पिकअप आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, तिथे इंजिन चालवणारा ईसीयूच नाही. चालता चालता बंद पडली तर डिझेलची लाईन बघा, आणि पंपावर स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याला १२ व्होल्ट सतत येतायत का ते बघा. झेनॉन डायकोर, गेटअवे, नंतरच्या कॉमन रेल बोलेरो पिकअप यांना वरचं सगळं लागू.

ईसीयू खरंच कशाने जातो तेही सांगतो, कारण ते टाळता येतं. हौद्याला पिंजरा बसवताना किंवा चेसिसला वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयूचे कपलर न काढणं. ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप देणं. आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनमो चेक" करणं, ही सवय डिझेलच्या जुन्या गाड्यांपासून आलीय, आजही चांगले चांगले मिस्त्री करतात, त्या क्षणी डायनमोचं व्होल्टेज एकदम वर उसळतं आणि समोर जे इलेक्ट्रॉनिक असेल ते घेतं. तुमच्या गाडीवर कोणी असं करताना दिसलं तर तिथेच थांबवा. इंजेक्टरच्या वायरींना चालू इंजिनवर हात लावू नका, तिथे ईसीयू १२ च्या कितीतरी पट व्होल्टेज सोडतो.

पाणी हे चौथं कारण. ईसीयू खोलायला सांगा नाहीतर निदान कपलर काढून पिना बघा, हिरवट दिसल्या तर पाणी वायरीतूनच खाली उतरलेलं असतं, वरचा कुठला तरी जोड उघडा असतो. तो जोड आधी बंद करा, हार्नेसला ईसीयूच्या आधी खाली एक झोका द्या म्हणजे थेंब तिथे गळतील, आणि मग पुढचं.

शेवटी बदलायचाच झाला तर कुर्ल्याहून जुना आणून लावला आणि चालू झाली असं होत नाही. पार्ट नंबर जुळला पाहिजे, इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारा) असेल तर चावीशी जुळवावा लागतो, आणि इंजेक्टरवर छापलेले कोड त्यात भरावे लागतात, नाहीतर धूर आणि ठोका. त्यापेक्षा तुमचाच ईसीयू रिपेअर होतो का ते आधी विचारा, सप्लायचा भाग किंवा इंजेक्टर ड्रायव्हर गेला असेल तर बऱ्याचदा होतो आणि डेटा तोच राहतो. रिपेअरवाल्याला आत नक्की काय गेलं होतं ते दाखवायला सांगा, आणि बेंचवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुम्ही सुरुवात ट्रॅकर आणि चोर स्विचपासून करा, मग रिले, मग क्रँक सेन्सर, मग अर्थ. पुढच्या वेळी बंद पडल्यावर चेक लाईट, आरपीएम आणि क्रँक सेन्सरचे थंड-गरम ओहम हे मला कळवा, सोबत पहिल्या गॅरेजने कुठला सेन्सर टाकला तेही.